आजार डॉक्टरांचा, माणूस आपला

आमच्या बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते आडवं.

जून अर्धा उलटला होता, तरी सोलापूर तापलेल्या तव्यासारखं होतं. वैरागहून एस.टी.नं पत्र्याची पेटी घेऊन मी नर्सिंगच्या शाळेत आले होते. आम्ही अकरा मुली. शिपायानं आम्हाला प्रात्यक्षिकाच्या खोलीत नेऊन सोडलं आणि तो निघून गेला. खोलीत दोन लोखंडी खाटा. एकीवर कापसानं भरलेली माणसाएवढी बाहुली, आणि दुसरीवर पन्नाशीची एक बाई, गळ्यापर्यंत लाल ब्लँकेट ओढून कण्हत पडलेली.

"पाणी..." ती म्हणाली.

आम्ही एकमेकींकडं बघितलं. कुसुम नावाची मंगळवेढ्याची मुलगी होती, ती घाबरून रडायलाच लागली. दुसरी डॉक्टरांना बोलवायला धावली आणि डॉक्टर कुठं बसतात ते माहीत नसल्यामुळं परत आली. मी माझ्या पेटीवर बसून होते. शेवटी पद्मा पुढं झाली. ती इथलीच, पूर्व भागातल्या तेलुगू विणकराच्या घरातली. तिनं कोपऱ्यातल्या माठातलं पाणी घेतलं, बाईच्या मानेखाली हात घातला आणि घोट घोट पाजलं.

पाणी पिऊन झाल्यावर आजारी बाई टुणकन उठून बसली. ब्लँकेटची चौकोनी घडी केली. छातीवर पिनेनं अडकवलेल्या घड्याळात बघितलं.

"चार मिनिटं मी मरत होते," त्या म्हणाल्या. "एकीनं पाणी दिलं. दहा जणी बघत होत्या. बघायला नातेवाईक असतात. सरकार तुम्हाला बघायला ठेवणार नाही."

या आमच्या ट्यूटरबाई. त्यांना नाव होतं, हजेरीपटावर त्यांची सहीही असायची. पण आम्ही ते कधी उच्चारलं नाही. आमच्यासाठी त्या नुसत्या बाई. बुटक्या, सावळ्या, कपाळावर विभूतीची फिकट रेघ, पांढरं पातळ आणि पायात नाडी नसलेले कॅनव्हासचे बूट. त्यामुळं त्या आलेल्या कळायच्या नाहीत. आपण खाटेशी काहीतरी चुकीचं करत असावं, आणि मागून आवाज यावा, "साकु!" साकु म्हणजे कानडीत पुरे. बाई अक्कलकोटच्या पलीकडच्या. बोलायच्या मराठी, पण रागवायच्या आणि मोजायच्या कानडीत.

या मोजण्यावरून एक गंमत व्हायची. नाडी धरली की बाई डोळे अर्धवट मिटून पुटपुटायच्या, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु..." मराठी मुलखातल्या म्हाताऱ्यांना वाटायचं, बाई मंत्र घालतायत. बार्शीकडची एक आजी तर दोन्ही हात जोडून बसायची. त्यामुळं एक तरी हात मोकळा ठेवायला तिला दर वेळी विनवावं लागे. एकदा मी बाईंना म्हटलं, "बाई, त्यांना खरं सांगू का?"

"ताप उतरतोय ना तिचा?"

"उतरतोय."

"मग कशाला आकडे सांगतेस? तुझ्या आकड्यानं काय उतरणार आहे?"

पहिल्याच आठवड्यात त्यांनी प्रश्न टाकला, "आरोग्य म्हणजे काय?" कुसुमनं पुस्तक आधीच पाठ केलं होतं. ती उठून उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक दृष्ट्या पूर्ण स्वस्थ असणं.

"छान," बाई म्हणाल्या. "असा माणूस कोण बघितलायस तू?"

कुसुम पुस्तकाची पानं उलटायला लागली.

"आता साडेबारा झालेत. अडीच वाजेपर्यंत या सोलापुरातला एक निरोगी माणूस शोधून आणा. पूर्ण स्वस्थ. पुस्तकात म्हटल्याप्रमाणं."

भर उन्हात आम्ही अकरा जणी निघालो. सात रस्ता चौकात एक चहावाला सदा हसतमुख दिसला, म्हणून आम्ही त्याला घेरलं. "काका, तुम्हाला काही दुखतं का?" असं विचारलं मात्र, त्यानं गाडी सोडून सगळं सांगायला सुरुवात केली. गुडघे, मूळव्याध, मेव्हणा. पोस्टमन सायकलीवरून उतरायलाच तयार नव्हता, उतरलं तर परत चढता येत नाही म्हणाला. अखेर पद्माला तिच्या मावसभावाची तालीम आठवली. तिथून आम्ही एक पैलवान आणला. बाभळीच्या बुंध्यासारखे हात, मान अशी नाहीच, डोकं थेट खांद्यांवर. तो दारातून आत आला तेव्हा खोलीतला उजेड कमी झाला.

बाईंनी त्याला स्टुलावर बसवलं. जीभ बघितली, दात बघितले, नाडी मोजली. सगळं उत्तम. आम्ही जिंकल्यासारख्या उभ्या होतो.

"झोप लागते?" बाईंनी विचारलं.

पैलवान फरशीकडं बघायला लागला. "न्हाय लागत, बाई."

"कधीपासून?"

"दोन सालं झाली. अकलूजला हरलो तवापासनं. डोळं मिटलं की त्यो दिसतोय."

बाईंनी आमच्याकडं एकदा बघितलं. उठल्या आणि आम्हाला काही दाखवायचं म्हणून कपाटातून इंजेक्शनची सिरिंज काढली. रिकामी होती. तिच्यावर सुईसुद्धा नव्हती. पैलवानानं ती बघितली, "आई गं" म्हणाला आणि स्टुलासकट आडवा झाला.

बेशुद्ध माणूस कसा उचलावा हा पाठ खरा तिसऱ्या महिन्यातला. आमचा तो पहिल्याच आठवड्यात झाला, आणि अकरा जणींना मिळूनही तो माणूस खाटेवर घेता आला नाही. त्याला जमिनीवरच ठेवून, पाय उंच करून, बाईंनी तोंडावर पाणी मारलं.

तो गेल्यावर कुसुम हिरमुसून म्हणाली, "बाई, निरोगी माणूस मिळालाच नाही."

"मिळणार नाही. म्हणून तर तुम्हाला नोकरी मिळणार आहे."

पैलवानाला त्यांनी झोपेचं औषध दिलं नाही. ज्याच्याकडून हरला त्याला पत्र लिहायला लावलं. ख्यालीखुशालीचं, बाकी काही नाही. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून पद्मानं लिहून दिलं. उत्तर आलं की नाही ते मला ठाऊक नाही. पण पैलवान पुढं वर्षभर दर गुरुवारी पेरू घेऊन यायचा आणि सिरिंजच्या कपाटाकडं पाठ करून बसायचा.

बाईंचा आणखी एक नेम होता. प्रत्येक मुलीनं एक अख्खा दिवस पेशंट व्हायचं. खाटेवर पडायचं, स्वतःच्या हातानं काही करायचं नाही. माझ्या दिवशी त्यांनी माझे दोन्ही हात बँडेजनं गुंडाळले आणि मला कुसुमच्या ताब्यात दिलं. नाकावर माशी बसली. कुसुम वहीत तापाचा तक्ता आखत होती. मी म्हटलं, "कुसुम, माशी." ती म्हणाली, "थांब, रेघ वाकडी जाईल." दुपारी तिनं मला रव्याची पेज भरवली. भरवताना ती खिडकीबाहेर बघत होती, त्यामुळं पहिला चमचा हनुवटीवर आणि दुसरा कानाच्या पाळीखाली गेला.

"साकु!" मागून आवाज आला. "चमचा उचलायच्या आधी तोंड कुठं आहे ते बघावं. तोंड रोज एकाच जागी असतं, तरी बघावं."

आणि मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "कशानं जास्त त्रास झाला? पेज गरम होती म्हणून?"

मला रडू येत होतं. मी म्हटलं, "ती माझ्याकडं बघतच नव्हती, बाई."

"हं. लिहून घ्या सगळ्या जणी," त्या म्हणाल्या. "आजार डॉक्टरांचा. माणूस आपला."

पण बाईंचं पुस्तकाशी काय नातं होतं, ते मला कळलं पद्माच्या गल्लीत. घरी राहणाऱ्या रुग्णांची सेवा शिकवायला त्या आम्हाला घरोघर न्यायच्या. पद्माच्या शेजारी एक म्हातारे विणकर होते, न्यूमोनियातून उठलेले. मी तिथं आधी एकटी जाऊन आले होते आणि पुस्तकातलं वाक्य मोठ्या ऐटीत सांगून आले होते, की रुग्णाच्या खोलीत शांतता हवी. मुलांनी बिचाऱ्यांनी लगेच दोन्ही माग बंद केले. चार दिवसांनी बाईंबरोबर गेले, तर आजोबा आणखीच खंगलेले. झोप नाही, जेवण नाही, छताकडं डोळे. थोरला मुलगा हात जोडून म्हणाला, "सिस्टर, टाचणी पडली तर ऐकू येईल एवढं शांत ठेवलंय."

बाई म्हाताऱ्याजवळ खाली बसल्या. बाईंचं तेलुगू म्हणजे निम्मं कानडीच, पण म्हाताऱ्याला ते कळलं. तो पुटपुटत काहीतरी म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. पद्मानं आम्हाला सांगितलं, "ते विचारतायत, धंदा बुडाला का? कुणी मेलं का? माग का वाजत नाही?"

बाई उठल्या. "चालू करा," त्या मुलाला म्हणाल्या. "दोन्ही."

खटक-खटक, खटक-खटक सुरू झालं. घर हलायला लागलं, कानठळ्या बसल्या. आजोबांनी कूस बदलली आणि पाच मिनिटांत घोरायला लागले. परत येताना मी खाली मान घालून चालत होते. कोपऱ्यावर आल्यावर बाई म्हणाल्या, "पुस्तक चूक नाही गं. पुस्तकानं माग बघितला नव्हता."

आता माझ्या थोरल्या आबांबद्दल सांगायला हवं.

आमच्या घरात शब्द थोरल्या आबांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा. माझे वडील धाकटे, मवाळ. त्यांनी मला नर्सिंगला पाठवलं तेच मुळी आबा पंधरा दिवस तीर्थयात्रेला गेले असताना. आबा परत आले आणि मी घरात नाही हे बघून पेटले. तरी नांगरणी, पेरणी करत पाच महिने गेले, आणि दिवाळीनंतर एक दिवस सकाळी नऊ वाजता ते आमच्या प्रात्यक्षिकाच्या खोलीच्या दारात उभे राहिले. डोक्याला फेटा, हातात काठी.

"पोरीला न्यायला आलूय," ते म्हणाले.

माझ्या हातातली चादर खाली पडली. बाईंनी ती उचलली, झटकली आणि म्हणाल्या, "बसा आबा. का नेताय?"

"लोकं नावं ठेवत्यात. परक्या माणसांची आंगं पुसती, घाण काढती म्हणत्यात. बार्शीचं चांगलं स्थळ आलंय, ते म्हणत्यात नर्स पोरगी नको. मग आता काय करायचं? आमाला गावात तोंड दाखवायचं हाय की न्हाय?"

मला वाटलं, बाई भांडतील. काहीतरी कडक बोलतील. त्या आबांच्या तोंडाकडं बघतच नव्हत्या. त्या बघत होत्या पायांकडं. आबा उजव्या पायाच्या टाचेवर उभे होते आणि काठीवर सगळा भार देत होते.

"बरं, न्या," बाई म्हणाल्या.

मी पेटी भरायला दाराकडं वळले.

"पण आजचा तिचा एक पाठ राहिलाय. तेवढा होऊ दे. त्याला पेशंट लागतो. ही कापसाची बाहुली काही बोलत नाही. तुम्ही दहा मिनिटं खाटेवर बसाल का?"

"मी?" आबा म्हणाले. "मला काय झालंय?"

"काही नाही. म्हणून तर म्हणते. धडधाकट माणूसच हवाय."

धडधाकट म्हटल्यावर आबांना नाही म्हणता येईना. ते खाटेवर बसले. बाई मला म्हणाल्या, "पाय धुवायचे. कोमट पाणी. आधी सांगायचं, मग हात लावायचा."

मी आबांसमोर खाली बसले. "आबा, तुमचा पाय धुतीय," मी म्हटलं, आणि चप्पल काढली. चपलेबरोबर चिंधीही निघून आली. तळपाय गरम, टम्म सुजलेला, मधोमध काळी पडलेली जखम. बाभळीचा काटा आत मोडला होता. त्यावर बिब्बा लावून भाजलं होतं, आणि वरून चिंधी बांधून आबा वैरागहून उभ्यानं आले होते. खोलीत वास पसरला. कुसुमनं तोंड फिरवलं नाही, हे मला तेव्हाही दिसलं.

"शिवू नगंस," आबा पाय ओढून घेत म्हणाले. "घाण हाय ती. पोरीच्या जातीनं..."

"किती दिवस झाले?" बाईंनी विचारलं.

"झालं असतील आठ-धा. आपोआप जाईल की."

"पाय जाईल," बाई म्हणाल्या. "आपोआप."

आबांनी पाय पुढं केला. मी पोटॅशच्या जांभळ्या पाण्यात पाय घेतला आणि हळूहळू धुवायला लागले. आबा दात आवळून छताकडं बघत होते. मग म्हणाले, "हे तू रोज करती?"

"व्हय, आबा."

"परक्यांचं?"

मी पायावर आणखी पाणी घातलं. बाई म्हणाल्या, "आज आपल्याचं करतेय. सांगा, काही फरक जाणवतोय? दुखतं तेवढंच, आणि धुतलं जातं तेवढंच."

डॉक्टर आले, पाय बघून त्यांनी भुवया चढवल्या. त्याच दिवशी चीर देऊन काटा काढला, पेनिसिलिन सुरू केलं, आणि आबा पुरुषांच्या वॉर्डात दाखल झाले. मला परत न्यायला आलेला माणूस अकरा दिवस तिथं राहिला.

पहिले दोन दिवस आबा भिंतीकडं तोंड करून पडले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि जीभ मोकळी झाली. पाचव्या दिवसापर्यंत आबा त्या वॉर्डाचे कारभारी झाले होते. बाई आम्हाला शिकवताना त्यांनी सगळं ऐकून घेतलं होतं. शेजारच्या खाटेवरल्या माणसाला ते सांगायचे, "आंग पुसताना पडदा लावून घ्या म्हणायचं. लाजायचं न्हाय. तसा नियम हाय." कुसुमनं चादर अंथरली की हात फिरवून बघायचे. "पोरी, हितं वळी हाय की. वळीनं पाठीला जखमा हुत्यात. तुमच्या बाईंना सांगू?" कुसुम त्यांना बाईंपेक्षा जास्त घाबरायची. तापाचा तक्ता तर त्यांना रोज वाचून दाखवावा लागे, आणि कालच्यापेक्षा रेघ खाली आली नसेल तर ते कुसुमला जाब विचारत.

मग रविवारी गावाकडची माणसं भेटायला आली. सहा-सात जण, त्यांत आमच्या आळीतले एक तात्या. गावात माझं नाव काढून सगळ्यात जास्त बोलणारे हेच. आल्या आल्या ते खाटेच्या कडेला बसले.

"उठा," आबा म्हणाले.

"आं?"

"पेशंटच्या खाटंवर बसायचं नसतं. जंतू असत्यात तुमच्या धोतराला."

तात्या उठून उभे राहिले. मी तिथंच थर्मामीटर पुसत होते. आबांनी मला हाक मारली. "हितं ये. यांची नाडी बघ. बघा तात्या, हात पुढं करा. आमची पोर हाय, चावत न्हाय."

तात्यांनी बिचकत हात पुढं केला. मी घड्याळ बघून ठोके मोजले. वॉर्डातले सगळे पेशंट मान वर करून बघत होते. नाडी भलतीच जोरात पळत होती. ती भीतीनं होती की आजारानं, हे मला तेव्हा सांगता येण्यासारखं नव्हतं. मी खरं तेच सांगितलं, "तात्या, नाडी जलद आहे. थोडं बसा आणि डॉक्टरांना दाखवून जा."

तात्यांचा चेहरा उतरला. बसायला जागा शोधायला लागले, पण आबांकडं बघून खाटेवर बसायची हिंमत होईना. बाईंनी मागून स्टूल सरकवलं. त्या कधी आल्या होत्या, ते कुणालाच कळलं नव्हतं.

अकराव्या दिवशी आबांना घरी सोडलं. त्यांनी फेटा बांधला, नवी चप्पल घातली, पाय टेकवून बघितला. मी त्यांच्या पिशवीत गोळ्या आणि बँडेज भरत होते. त्या अकरा दिवसांत परत जायचा विषय त्यांनी काढला नव्हता आणि मला विचारायचं धाडस नव्हतं. माझी पेटीही मी भरून ठेवली होती.

बाई आल्या. आबा घसा खाकरून म्हणाले, "बाई, मी इचार केलाय. पोरगी ऱ्हाऊ द्या हितंच."

मला आनंद व्हायला हवा होता. पण बाईंचा चेहरा पैलवानाची जीभ बघताना होता तसाच राहिला.

"मला कशाला सांगता?" त्या म्हणाल्या. "आलात तेव्हाही मलाच सांगितलंत, न्यायला आलो म्हणून. आताही मलाच. ती उभी आहे की तिथं. तिला विचारा."

आबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना हे अवघड गेलं, हे मला दिसत होतं. चीर देताना गेलं होतं त्याहून जास्त. त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"सांग बाई," ते मला म्हणाले. "तुला काय करायचंय? बार्शीचं स्थळ हाय. न्हायतर हे हाय."

आमच्या घरात मला कुणी काही विचारल्याची ती पहिली वेळ. काय नेसायचं, काय खायचं, कुठं जायचं, हे सगळं मला नेहमी सांगितलं जायचं. मी पिशवीतल्या गोळ्या परत मोजायला लागले. कुसुम हातात बेडपॅन घेऊन तशीच उभी होती.

बाईंनी छातीवरच्या घड्याळात बघितलं. "घाई नाही," त्या म्हणाल्या. "एस.टी. पाचला आहे."

"ऱ्हाते, आबा," मी म्हटलं. इतक्या हळू म्हटलं की शेजारच्या खाटेवरल्या माणसानं ते मोठ्यानं परत सांगितलं, "ऱ्हाते म्हणती!"

आबांनी मान हलवली. पिशवी खांद्याला लावली, माझ्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि दोन्ही पायांवर भार देत दाराबाहेर गेले. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. बाईही माझ्या शेजारी आल्या. आबा रस्त्याला लागले. मला वाटलं, आता पाठीवरून हात फिरवतील.

"काय बघतेस?" त्या म्हणाल्या. "खाट रिकामी झालीय. गादी उन्हात टाक."

मी गादी उचलली. जड होती. दुसरं टोक बाईंनी धरलं.